रसाचा पीएच तोच, मग चुना कधी कमी, कधी जास्त का लागतो?

गुऱ्हाळघर_करवीर (रविवार, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे, आजोबांपासूनचं. काहिलीत (रस आटवायच्या मोठ्या कढईत) चुना किती घालायचा हे आजवर आमचे गुळव्या मामा ठरवायचे. रसाचा वास घ्यायचे, मळी (रसातली घाण, फेस होऊन येते ती) कशी वर येते ते बघायचे आणि चुन्याचं पाणी ओतायचे. कधी चुकले नाहीत. यंदा ते थकले, घरी बसले. हंगाम माझ्या अंगावर आला म्हणून मी दुकानातून पीएचच्या पट्ट्या आणल्या.

पट्टी ताज्या रसाला ५ दाखवते. परवा तोडणी लवकर झाली, ऊस दोन दिवस फडात पडून राहिला. त्याच्या रसालाही पट्टी ५ च दाखवली. म्हणून चुनाही नेहमीएवढाच घातला. गूळ बांधलाच नाही! रवा (गुळाची ढेप) दुसऱ्या दिवशी पाघळायला लागला, अडत्यानं भाव पाडला.

मामांना विचारलं तर म्हणाले, "त्या रसाला दीडपट तरी चुना लागला असता." पीएच तोच असेल तर चुना दीडपट का? पीएच म्हणजे आंबटपणाच ना? कुणी नीट समजावून सांगेल का? दहावीपर्यंत शिकलोय, त्या हिशोबानं सांगा.

पाटाचं_पाणी (रविवार, रात्री ९.३२)

पट्ट्या जुन्या असतील भावा. डबी उघडी राहिली की रंग बदलतोय.

गुऱ्हाळघर_करवीर (रविवार, रात्री ९.४०)

नवीन आहेत. लिंबावर लावून बघितली, बरोबर २ आली.

निवृत्त_रसायन (रविवार, रात्री १०.५५)

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि बसून लिहिल्याशिवाय राहवेना. कोल्हापुरात एकोणतीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. गणितं बिनचूक सोडवणारी मुलंही नेमकी याच जागी अडखळायची.

"पीएच म्हणजे आंबटपणाच ना?" यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. पाण्यात या क्षणी मोकळे फिरणारे हायड्रोजन आयन किती, एवढंच पीएच सांगतो. त्या रसात एकूण आम्ल किती आहे हे तो सांगत नाही.

पैशाच्या भाषेत सांगते. तुमच्या खिशात आत्ता शंभर रुपये आहेत आणि माझ्याही खिशात शंभर आहेत. बघणाऱ्याला दोघं सारखे. पण तुमची पतसंस्थेत काहीच ठेव नाही आणि माझी पाच हजारांची आहे. खर्च सुरू झाला की फरक कळतो. तुमचे शंभर संपले की संपले. माझे संपायला लागले की मी ठेवीतून काढत राहते. पीएच म्हणजे खिशातली रोकड. चुना आम्ल मारतो, म्हणून चुना घालणं म्हणजे खर्च.

तीव्र आम्ल सगळी रक्कम खिशात ठेवतं. मिठाचं आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक, पाण्यात पडलं की त्याचा जवळजवळ प्रत्येक रेणू फुटतो आणि हायड्रोजन आयन मोकळा होतो. सौम्य आम्ल तसं करत नाही. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल लिटरमागे ०.१ मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं माप) घेतलं तर शंभरातले जेमतेम सव्वा रेणू फुटलेले असतात, बाकीचे अखंड. म्हणून त्याच मापाच्या हायड्रोक्लोरिकचा पीएच १ येतो आणि ॲसिटिकचा २.९.

आता खरी गंमत बघा. या दोन्हींचे दहा-दहा मिलिलिटर घ्या आणि ०.१ मोलचा कॉस्टिक सोडा (ही अल्कली, म्हणजे आम्ल मारणारा पदार्थ) घालून उदासीन करा. दोघांनाही बरोबर दहा मिलिलिटरच लागतो! मोकळ्या हायड्रोजन आयनांत जवळजवळ ऐंशीपट फरक आणि अल्कली मात्र तेवढीच. मोकळे हायड्रोजन आयन संपायला लागले की अखंड रेणू फुटून नवे देतात, साठा संपेपर्यंत.

उसाच्या रसातली आम्लं सगळी सौम्य. मुख्य असतं ॲकोनिटिक आम्ल. शिळ्या उसात जिवाणू शिरतात, लॅक्टिक आणि ॲसिटिक आम्ल बनवतात. म्हणजे ठेव वाढते. खिसा थोडाच जड होतो, पण ठेव बरीच वाढते.

पाटाचं_पाणी (रविवार, रात्री ११.१२)

बाई, खिसा आणि ठेव एकदम डोक्यात बसलं.

अकरावी_सायन्स (रविवार, रात्री ११.२०)

मॅम, पण पीएच थोडा तरी बदलला असेल ना? काकांच्या पट्टीवर दोन्ही वेळी ५ च का आला?

निवृत्त_रसायन (रविवार, रात्री ११.४१)

बरोबर पकडलंस बाळा. दुसरं कारण पट्टीतच आहे. साध्या पट्टीवर एकेका अंकाचा रंग असतो, ५.३ आणि ४.८ दोन्ही डोळ्याला "५" च दिसतात. अर्ध्या अंकाचा फरक वाटतो किरकोळ, पण ही मोजपट्टी फूटपट्टीसारखी सरळ नाही. एक अंक खाली म्हणजे हायड्रोजन आयन दहापट, दोन अंक म्हणजे शंभरपट. अर्धा अंक म्हणजे तिपटीहून थोडं जास्त.

असं का केलं ते सांगते. या आयनांचे आकडे लिहिताना दशांश चिन्हामागे शून्यांची रांग लागते. शुद्ध पाण्यात २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे ०.००००००१ मोल. रोज असं कोण लिहिणार? डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन नावाचे शास्त्रज्ञ विकरांवर (एन्झाइमवर) काम करत होते. विकर आम्लतेला फार संवेदनशील असतात, त्यामुळे त्यांना हे आकडे सतत लिहावे लागत. १९०९ मध्ये त्यांनी दहाच्या घातांकाचं चिन्ह उलटं करून तेवढाच अंक वापरायला सुरुवात केली. त्या पाण्याचा पीएच झाला ७. एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जन्मलेली ही मोजणी आज आपण गुळाच्या काहिलीत बुडवतोय.

इचल_प्रोसेस (सोमवार, सकाळी ७.१५)

बाईंचा प्रतिसाद वाचून आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावीशी वाटली. इचलकरंजीत प्रोसेसला आहे, बावीस वर्षं. सुती कापडाला रंगाई करताना सोडा आणि कॉस्टिक लागतं. शेवटी कापडातली अल्कली मारावी लागते. त्यासाठी आम्ही ॲसिटिक वापरतो. स्वस्त पडतं म्हणून नव्हे, गंधकाचं आम्ल त्याहून स्वस्त आहे.

सुरुवातीला एका ठिकाणी कामाला होतो तिथं कुणीतरी पैसे वाचवायला गंधकाचं आम्ल टाकलं. माप थोडं जास्त झालं. कापड बाहेर पडलं तेव्हा मऊ, स्वच्छ, एकदम छान. चार दिवस गठ्ठ्यात राहिलं आणि नंतर ओढलं की कागदासारखं फाटायला लागलं. पाणी वाळलं, आम्ल वाळलं नाही. धाग्यात दाट होत गेलं आणि सूत खाल्लं त्यानं. ॲसिटिक जास्त झालं तरी पीएच एकदम खाली जात नाही, आणि वाळवताना ते वाफ होऊन उडूनही जातं. सौम्य म्हणजे बिनकामाचं असं लोकांना वाटतं. आमच्या कामात सौम्यपणाच हवा असतो.

चामडं_आणि_साल (सोमवार, सकाळी ८.०२)

चुन्याचा विषय निघालाय म्हणून विचारतो. आमच्या घरात आजोबांच्या वेळेपर्यंत कातडी कमावायचे. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात. त्याआधी केस काढायला चुन्याच्या हौदात ठेवायचे, काही दिवस. आजोबा म्हणायचे, चुना जास्त पडला तर घाबरू नका, तो तळाशी बसतो. पण कॉस्टिक हौदाजवळ आणू देत नव्हते. चुना तीव्र अल्कली की सौम्य? चुना तीव्र असेल तर जास्त घालूनही कातडं जळत कसं नाही?

निवृत्त_रसायन (सोमवार, दुपारी १.३०)

फार सुंदर प्रश्न. आजोबांनी सगळं बरोबर ओळखलं होतं.

विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तीव्र अल्कलीच. जेवढा पाण्यात विरघळतो तेवढा जवळजवळ सगळा फुटतो. पण विरघळतोच थोडा, लिटरमागे दीड ग्रॅमच्या आसपास. त्यापुढे कितीही टाका, बाकीचा तळाशी. म्हणून चुन्याच्या पाण्याचा पीएच २५ अंशांना १२.४ ला अडतो, वर जात नाही. कॉस्टिक सोडा मात्र लिटरभर पाण्यात किलोभर सहज विरघळतो. त्याला १४ आणि त्याहीपलीकडे जाता येतं. कातडं त्या जोराला टिकणार नाही.

आणि तळाशी बसलेला चुना वाया जात नाही. कातड्यानं पाण्यातली अल्कली घेतली की तळाचा थोडा विरघळतो आणि पुन्हा १२.४. महिनाभर पुरेल एवढा माल कोठारात, आणि दाराबाहेर एका वेळी एकच पोतं! ॲसिटिक आम्लात साठा अखंड रेणूंच्या रूपात असतो, इथं तळाच्या पांढऱ्या गाळात. रसायनं वेगळी, पण दोन्हीकडे पीएच फक्त दारातलं पोतं दाखवतो.

म्हणून वर्गात मी चार शब्द फळ्यावर वेगवेगळे लिहायची: तीव्र, सौम्य, दाट, विरळ. पहिली जोडी रेणूच्या स्वभावाची. दुसरी आपण पाणी किती घातलं त्याची. तीव्र आम्ल अगदी विरळ असू शकतं. सौम्य आम्ल दाट असू शकतं, आणि दाट ॲसिटिक आम्लानं कातडी भाजते.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवते, कारण यात जीव जातो. "सौम्य" म्हणजे निर्धोक नव्हे. काच कोरायला वापरतात ते हायड्रोफ्लोरिक आम्ल रसायनशास्त्राच्या भाषेत सौम्य आहे. पण ते कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम पकडतं आणि थोड्याशा भाजण्यानंही माणूस दगावू शकतो. तीव्र-सौम्य हा रेणू किती फुटतो त्याचा हिशोब आहे. धोका हा वेगळा विषय.

अकरावी_सायन्स (सोमवार, दुपारी ४.४८)

मॅम, दोन शंका.

१. हायड्रोक्लोरिक आम्ल पाणी घालत घालत लिटरमागे १० चा उणे ८ वा घात मोल इतकं विरळ केलं तर सूत्रानं पीएच ८ येतो. आम्ल अल्कली कसं होईल?

२. पीएच ० ते १४ च असतो असं पुस्तकात आहे, पण तुम्ही "त्याहीपलीकडे" लिहिलंय.

निवृत्त_रसायन (सोमवार, सायंकाळी ६.०५)

पहिल्या शंकेसाठी तुला शाबासकी. तू पाण्याला विसरलास. पाणी स्वतः थोडं फुटतं आणि त्याचे हायड्रोजन आयन तिथं आधीपासून आहेत, तुझ्या आम्लापेक्षा दहापट जास्त. दोन्ही मिळून हिशोब केलास की पीएच ६.९८ येईल. आम्लाला कितीही पाणी घाल, ते सातच्या जवळ जाईल, पलीकडे नाही.

दुसरी. ० आणि १४ या भिंती नाहीत. बाजारात मिळणाऱ्या दाट हायड्रोक्लोरिकचा पीएच उणे भरतो. साध्या विरळ द्रावणांसाठी ० ते १४ सोयीचं आहे, एवढंच.

आणि सात हा आकडाही देवानं कोरून दिलेला नाही. पाणी तापलं की जास्त फुटतं. उकळत्या शुद्ध पाण्याचा पीएच ६.१ च्या आसपास असतो, तरी ते आम्ल नाही, कारण हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन बरोबरीचे आहेत. गुऱ्हाळवाल्या दादांनी हे लक्षात ठेवा. काहिलीतल्या तापलेल्या रसात पट्टी बुडवू नका. वाटीत काढा, निवू द्या, मग मोजा.

लक्ष्मीपुरी_स्वयंपाकघर (सोमवार, रात्री ८.५०)

आमच्या शहाबादी फरशीवर पिवळट डाग होते. "व्हिनेगर सौम्य आहे, काही होत नाही" असं कुठंतरी वाचून रात्रभर कापड भिजवून ठेवलं. सकाळी डाग गेला आणि फरशी खडबडीत झाली. आज या धाग्यामुळे कारण कळलं. फरशी म्हणजे चुनखडीच, ती मोकळे आयन खात गेली आणि व्हिनेगर रात्रभर नवे देत गेलं. असंच ना बाई?

निवृत्त_रसायन (सोमवार, रात्री ९.०४)

अगदी असंच. फरशीनं ठेव मोडायला लावली. यापुढे साबणाचं पाणी वापरा. आणि संडास साफ करायचं आम्ल आणि कपड्यांचं ब्लीच कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो.

लक्ष्मीपुरी_स्वयंपाकघर (सोमवार, रात्री ९.१५)

हो, ते माहीत आहे. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, तो पण पीएचच का?

निवृत्त_रसायन (सोमवार, रात्री ९.२१)

हो! हळद हा आपल्या घरातला दर्शक. अल्कलीत लाल, आम्लात परत पिवळी. लिंबू पिळा, लाल डाग पिवळा होईल. हळद आणि चुन्यापासून कुंकू करतात ते याच रंगबदलावर. हळदीचा रंग आठच्या आसपास पलटतो, म्हणून उसाच्या रसाला ती उपयोगाची नाही. रस पाच-सहामध्ये असतो.

चोपणरान_शिरोळ (मंगळवार, सकाळी ६.४०)

आमच्याकडं उलटं आहे. शिरोळ तालुका, काळं रान. ऊस, पाणी, ऊस, पाणी करून रान चोपण (क्षारानं घट्ट) झालंय. माती परीक्षणात पीएच ८.९ आलाय. पाव्हणे गगनबावड्याकडचे, तांबडी माती, धो धो पाऊस, त्यांचा ५.४. त्यांना चुना टाकायला सांगितलाय, मला जिप्सम. जिप्सम आम्ल आहे का? आणि पीएचच्या आकड्यावरून किती पोती लागतील ते काढता येईल का?

निवृत्त_रसायन (मंगळवार, सकाळी १०.२०)

पाव्हण्यांपासून सुरू करते, कारण त्यांची माती म्हणजे गुऱ्हाळवाल्या दादांचा रसच. पावसानं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेलं, चिकणमातीच्या कणांना हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम चिकटून बसले. पाण्यात दिसतो तो पीएच खिशातला. कणांना चिकटलेलं आम्ल ही ठेव. वालुकामय मातीत ठेव कमी, चिकणमातीत जास्त. दोन्हींचा पीएच ५.४ असला तरी चुना वेगवेगळा लागतो. म्हणून प्रयोगशाळेत चुन्याची गरज वेगळी चाचणी करून काढतात, नुसत्या पीएचवरून नाही. पाव्हण्यांना ती चाचणी मागायला सांगा.

तुमच्याकडं प्रश्न सोडियमचा. जिप्सम आम्ल नाही, जवळजवळ उदासीन मीठ आहे. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणावरून सोडियमला ढकलून देतं आणि तो सोडियम पाण्याबरोबर निघून गेला की पीएच उतरतो. पण निघून गेला तरच. निचरा नसेल तर तो तिथंच राहणार. तुमच्याकडं जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकतात ते याचसाठी. आधी निचरा, मग जिप्सम. पोती किती हे विनिमयक्षम (मातीच्या कणांना चिकटलेल्या) सोडियमच्या आकड्यावरून ठरतं, तो अहवालात आहे का बघा. रानात चुनखडीचे खडे दिसत असतील तर गंधकाचाही पर्याय आहे. जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि ते आम्ल तुमच्याच चुनखडीतून कॅल्शियम मोकळं करतं.

चोपणरान_शिरोळ (मंगळवार, सकाळी ११.०५)

अहवालात तो आकडा नाही. पुन्हा देतो नमुना. लई उपकार झाले बाई.

गुऱ्हाळघर_करवीर (मंगळवार, दुपारी २.१५)

सगळं दोन-दोनदा वाचलं. बाई, आता मला कामाचं सांगा. ठेव मोजायची कशी? गुऱ्हाळावर प्रयोगशाळा कुठली असणार?

निवृत्त_रसायन (मंगळवार, दुपारी ३.५०)

लागत नाही. पीएच मीटर मात्र घ्या, पेनाच्या आकाराचा, ०.१ पर्यंत दाखवणारा. मीटरचा इतिहासही तुमच्या कामाशी जवळचा आहे. अमेरिकेत आर्नल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये पहिला टिकाऊ मीटर बनवला तो लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी. फळं पिकवणाऱ्यांची अडचण होती, आणि तुमचीही रसाचीच.

रोज सकाळी मीटर पीएच ४ आणि ७ च्या बफर (ठरलेल्या पीएचच्या) द्रावणात जुळवा. टोक कोरडं पडू देऊ नका, नुसत्या शुद्ध पाण्यातही ठेवू नका, त्याच्यासोबत येणाऱ्या द्रावणात ठेवा.

आता पद्धत. खाण्याचा चुना पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा, वरची स्वच्छ निवळी काढून बाटलीत घट्ट झाका. उघडी राहिली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड तिला मारतो. या निवळीत लिटरमागे साधारण दीड ग्रॅम चुना धरा. घाण्यातून आलेला रस गाळून १०० मिलिलिटर घ्या. औषधाच्या सिरिंजनं एकेक मिलिलिटर निवळी घाला, ढवळा, मीटर बघा. ६.४ ला थांबा. किती मिलिलिटर गेली ती तुमची ठेव.

हजार लिटर रसाची काहील असेल तर त्या आकड्याला १५ नं गुणा, तेवढे ग्रॅम विरलेला चुना लागेल. १० मिलिलिटर गेली तर १५० ग्रॅम.

६.४ च्या फार पुढं जाऊ नका. अल्कलीत ग्लुकोज-फ्रुक्टोज मोडतात आणि गूळ काळपट होतो. फार खालीही राहू नका. आम्लात तापवलं की साखरेचे दोन तुकडे पडतात, तेच ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ते हवेतलं पाणी ओढतात. तुमचा रवा पाघळला तो यानंच.

आणि एक कटू गोष्ट. शिळ्या उसात जी साखर आधीच फुटली ती चुना परत जोडू शकत नाही. तो फक्त पुढची फूट थांबवतो.

पाटाचं_पाणी (मंगळवार, सायंकाळी ५.३०)

वाचनखूण साठवली. आमच्या भावकीतल्या तीन गुऱ्हाळांना पाठवतोय.

गुऱ्हाळघर_करवीर (शनिवार, रात्री १०.२०)

मंडळी, मीटर आणला. तीन दिवस केलं. सकाळी तोडून दुपारी गाळलेला ९२००५ जातीचा ऊस: मीटर ५.३, निवळी ११ मिलिलिटर. मुद्दाम दोन दिवस सावलीत ठेवलेली मोळी: मीटर ४.९, निवळी १९ मिलिलिटर. पट्टी दोन्हीला ५!

११ ला १९. मामांनी दीडपट सांगितलं होतं, आली पावणेदोनपट. कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. ते बराच वेळ आकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मळी फुटताना फेस कसा जड येतो तेवढं बघत होतो मी. आत हे चालतंय होय." उद्या आधणाच्या वेळी येतो म्हणालेत. त्यांनी नजरेनं चुना सांगायचा आणि मी सिरिंजनं मोजायचं, दोन्ही वहीत लिहायचं.

बाई, एक विचारायचं राहिलं. काहिलीत मळी काढायला भेंडीचं पाणी आधी घालतो आणि चुना नंतर. रस मोजायचा तो भेंडीच्या आधी की नंतर?

निवृत्त_रसायन (शनिवार, रात्री १०.४१)

आधी मोजा, नुसत्या गाळलेल्या रसात. मग एकदा भेंडी घातलेल्या रसातही तसंच करून बघा आणि फरक किती येतो ते वहीत मामांच्या आकड्याशेजारी लिहा. मलाही कळवा.